म्युनिक, झारब्रुकन की बर्लिनचं 'पक्कं' ॲडमिशन?

तुझा प्रश्न असा: मुंबई विद्यापीठातून कॉम्प्युटरचं बीई, हातात जर्मनीतल्या मास्टर्सच्या तीन ऑफर. टीयू म्युनिक (तिथलं तांत्रिक विद्यापीठ) आणि झारब्रुकनचं झारलँड विद्यापीठ ही दोन सरकारी, आणि बर्लिनमधलं एक खासगी विद्यापीठ. दादरचा एजंट तिसऱ्यासाठी मागे लागलाय आणि बाबा ठाण्याचा फ्लॅट तारण ठेवायला निघालेत. मी मूळचा परळचा, आता जर्मनीत दार्मश्टाटला नोकरी करतो. इथे आलेली बरीच मुलं बघितलीत, त्यावरून सांगतो.

बर्लिनचं सोडून दे. 'पक्कं' कारण फी भरली की जवळपास सगळ्यांचंच पक्कं होतं. खासगी म्हणजे सरसकट वाईट असं नाही, पण सरकारी विद्यापीठाची ऑफर हातात असताना त्यासाठी घर तारण ठेवायचं काही कारण दिसत नाही. अशा ॲडमिशनवर एजंटला बहुधा कमिशन मिळतं, सरकारीवर मिळत नाही. एवढी तळमळ त्यातूनच.

म्युनिकचं नाव मोठं, पण तिथे फुकट शिक्षण ही आता जुनी गोष्ट झाली. 2024च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरून आलेल्या मुलांना मास्टर्ससाठी सेमिस्टरला 4,000 ते 6,000 युरो भरावे लागतात. वर त्या शहरातलं भाडं. फीमाफीची सोय आहे, अर्ज जरूर कर. माफी मिळाली तर माझं मत बदलेल.

झारलँडला ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं काहीशे युरोंचं अंशदान. शहर लहान, आपल्या डोंबिवलीची गर्दी आठवून रडशील इतकं शांत. पण कॅम्पसवरच माक्स प्लांक इन्स्टिट्यूट फॉर इन्फॉर्मॅटिक्स आहे, एआयवर काम करणारं डीएफकेआय आहे. तिथे 'हिवी' म्हणजे विद्यार्थी-सहाय्यकाचं काम मिळालं की खर्चाला हातभार लागतो आणि थीसिसचा गाईडही बऱ्याचदा तिथेच सापडतो. बाहेरच्या नोकरीला वर्षाला 140 पूर्ण दिवसांची मर्यादा आहे, हिवीचे दिवस त्यात धरत नाहीत.

आता ज्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस ते. रँकिंग बाजूला ठेव आणि दोन्हीकडची 'प्रुफुंग्सऑर्डनुंग', म्हणजे परीक्षेची नियमावली, आणि मोड्युल हँडबुक, म्हणजे विषयांची माहितीपुस्तिका, उघडून वाच. आपल्याकडे 80-20 पॅटर्न, टर्मवर्कचे मार्क, सबमिशनच्या आदल्या रात्री कॉपी केलेली फाइल. इथे हजेरीला सहसा कुणी विचारत नाही, पण दर आठवड्याला गृहपाठाचं पत्रक येतं आणि बऱ्याच विषयांत त्यात निम्मे गुण पडल्याशिवाय पेपरला बसू देत नाहीत. एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तासांचं काम. 9 क्रेडिटचा विषय घेतलास की 270 तास गेले. असे तीन विषय पहिल्याच सेमिस्टरला घेणारा उत्साही मुंबईकर दरवर्षी एक तरी भेटतो. आणि आपल्या केटीसारखं नापास झालेल्या विषयाला कितीही वेळा बसता येत नाही. बऱ्याच ठिकाणी तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदाही नापास झालीस तर तो कोर्स संपला, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. म्हणून कुठे सक्तीचे विषय किती आणि पेपरातून नाव मागे घ्यायची मुदत कधी, हे आधी बघ.

पैशाचं बाबांना नीट समजाव. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी खर्चाची सोय दाखवायला आधीच खात्यात ठेवायचे 11,904 युरो, म्हणजे युरो शंभरच्या आसपास धरला तर बारा लाख, ही फी नव्हे. तुझेच पैसे, महिन्याला 992 करून तुलाच परत मिळतात. झारब्रुकनला बेताने राहिलीस तर त्यात भागतं. म्युनिकला जड जाईल. पहिल्या वर्षाची सोय एफडी मोडून झाली तर फ्लॅटला हात लावायची गरजच नाही.

माझं मत झारब्रुकन. एक खोट आहे: आसपास कंपन्या कमी, डिग्रीनंतर फ्रँकफर्ट नाहीतर स्टुटगार्टकडे जावं लागेल. नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, पण जर्मन येत नसेल तर निम्म्या जाहिराती तुझ्यासाठी नसल्यासारख्याच. म्हणून निघायच्या आत काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला नाव घाल आणि जमेल तितकं उरक. हॉस्टेलसाठी स्टुडिएरेंडनवेर्कचा, म्हणजे विद्यार्थ्यांची हॉस्टेलं चालवणाऱ्या संस्थेचा, अर्ज मात्र आजच भर, व्हिसाची वाट बघत बसू नकोस. प्रतीक्षायादी लांब असते.