वाचकांचे प्रश्न : कातडीपलीकडे वीज कशी पोचते?

प्रश्न : मुलीला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) बसवलं आहे. सेलची जोडी आधी तीन दिवस जायची, आता दीड दिवसात संपते. पावसाळ्यात आवाजही मध्येच तुटतो. आतलं मशीन बिघडलं असेल का? – एक पालक, रत्नागिरी

उत्तर : बहुतेक वेळा दोष बाहेरच्या भागांतच सापडतो, म्हणून आधी तेच तपासा. आतल्या भागात बॅटरी नसतेच. कानामागच्या प्रोसेसरमधून (आवाज टिपणाऱ्या यंत्रातून) डोक्यावरच्या कॉइलला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, उच्च वारंवारितेचा प्रवाह जातो (न्यूक्लिअस या बनावटीत ५ मेगाहर्ट्झ, मेड-एल या बनावटीत १२). त्याचं चुंबकीय क्षेत्र कातडीखालच्या कॉइलमध्ये वीज निर्माण करतं. दोन्ही कॉइलमधलं अंतर दोन-तीन मिलिमीटरने वाढलं, तरी तेवढीच वीज पोचवायला सेलवर बराच जास्त भार पडतो. मुलीचे केस कॉइलखाली दाट वाढले असतील, तर तेवढंच कारण पुरेसं असतं. तिथले केस बारीक करून दोन दिवस पाहा.

फरक पडला नाही तर एका वेळी एकच भाग बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही. आधी सेल. ६७५ नंबरचे, पण खास इम्प्लांटसाठीचेच घ्या. साध्या श्रवणयंत्राचे सेल मापाने बसतात, मात्र लागेल तेवढा प्रवाह देऊ शकत नाहीत. हे झिंक-एअर सेल हवेवर चालतात. स्टिकर काढल्यावर मिनिटभर उघडे ठेवून मगच झाकण लावा. घट्ट प्लॅस्टिकच्या आवरणात किंवा रेनकोटच्या टोपीखाली हवा कोंडली की व्होल्टेज घसरतं आणि आवाज तुटतो. तुमच्याकडे पावसात हे तपासायलाच हवं. मग वायर. ती कॉइलच्या आणि प्रोसेसरच्या तोंडाशी वाकते आणि आतून तुटते. वरून काही दिसत नाही. मशीन चालू असताना तिथे हलकेच वाकवल्यावर आवाज जात-येत असेल, तर वायर बदलायची. शेवटी कॉइल.

रात्री प्रोसेसर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. सेल मात्र काढून बाहेर ठेवा, डब्यात तेही सुकतात.

एक गोष्ट कृपा करून करू नका : कॉइल पडते म्हणून स्वतःच जास्त ताकदीचं लोहचुंबक लावणं. दोन चुंबकांमध्ये कातडी चेपते, रक्तपुरवठा कमी होतो, आधी लाली येते आणि मग जखम. लाली दिसली तर कॉइल काढून ठेवा आणि ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) दाखवा. एवढं सगळं करूनही आवाज तुटत असेल, तर आतल्या भागाची तपासणी तेच संगणकाला जोडून करतील.

प्रश्न : एकाच कॉइलमधून वीज आणि माहिती दोन्ही कशा जातात? प्रोजेक्टसाठी ५ मेगाहर्ट्झच्या कॉइलची जोडी बनवली, पण ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं उपकरण) लावला की व्होल्टेज पडतं. – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : लहरी चालू-बंद करून माहिती पाठवतात. लहर बंद असते तेवढ्या क्षणांत आतला कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) वीज पुरवतो. कोणता इलेक्ट्रोड (कानाच्या आत नसांना वीज देणारा बिंदू), किती प्रवाह, किती मायक्रोसेकंद, हे प्रत्येक स्पंदासाठी (विजेच्या ठोक्यासाठी) वेगळं सांगावं लागतं. २२ पैकी ८ इलेक्ट्रोड निवडून प्रत्येकावर सेकंदाला ९०० स्पंद द्यायचे, म्हणजे सेकंदाला ७२०० आज्ञा. माहिती आतून बाहेर यायला वेगळा ट्रान्समीटर लागेलच असं नाही : आतल्या कॉइलवरचा भार बदलला की बाहेरच्या कॉइलवरचं व्होल्टेज हलतं, तेच वाचायचं.

खरी ओढाताण क्यू-फॅक्टरची, म्हणजे कॉइल एकाच वारंवारितेवर किती तीव्रतेने घुमते त्याच्या मापाची. क्यू १०० असेल तर वीज छान पोचते, पण बँडविड्थ (माहितीला मिळणारा वारंवारितेचा पट्टा) उरते ५० किलोहर्ट्झ. लहर बंद केल्यावरही कॉइल घुमत राहते आणि बिट एकमेकांत मिसळतात. क्यू २० वर आणला की २५० किलोहर्ट्झ मिळतात, पण वीज वाया जाते. पॉवर आणि डेटा वेगळ्या वारंवारितेवर पाठवणं हाही मार्ग आहे. प्रोजेक्टसाठी मी एकच कॉइल आणि कमी क्यू सुचवेन.

तुमचं व्होल्टेज पाडतो तो स्कोपचा प्रोब (मोजणीची वायर). समजा कॉइल ३ मायक्रोहेन्रीची आणि कपॅसिटर ३३० पिकोफॅरडचा आहे, म्हणजे रेझोनन्स (जिथे ही जोडी सर्वांत जोरात घुमते ती वारंवारिता) ५.०६ मेगाहर्ट्झ. एक-पट (1X) प्रोब सुमारे १०० पिकोफॅरड जोडतो आणि रेझोनन्स ४.४ वर घसरतो. दहा-पट (10X) प्रोब वापरा, त्याची दहा-बारा पिकोफॅरड हिशेबात धरा, किंवा रेक्टिफायरनंतरचं (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरचं) डीसी मोजा. रिडिंग ६ मिलिमीटर अंतरावर घ्या, मग कॉइल ५ मिलिमीटर बाजूला सरकवून पुन्हा घ्या. आतली कॉइल टायटॅनियमच्या डबीत बसवू नका, धातूत भोवरी प्रवाह (गोल फिरणारे विद्युतप्रवाह) तयार होऊन क्षेत्र अडतं. म्हणूनच खऱ्या इम्प्लांटमध्ये ती डबीबाहेर, सिलिकॉनमध्ये असते.

प्रश्न : मग पेसमेकर बाहेरून चार्ज का करत नाहीत? – ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर (स्टॉकहोम, १९५८) तसाच होता, कॉइलने चार्ज होणारा. तो काही तासांतच बंद पडला. पुढे लिथियम-आयोडीन सेल आले. पेसमेकरला सरासरी १०-२० मायक्रोअँपिअर पुरतात, त्यामुळे १ अँपिअर-तासाचा सेल साधारण सात-आठ वर्षं चालतो. चार्जिंग राहून गेलं तर जिवावर बेतेल, ती जोखीम कशाला घ्यायची? तुमच्याकडे पेसमेकर असेल तर मागे चुंबक असलेला फोन त्यापासून किमान १५ सेंटिमीटर आणि वायरलेस चार्जिंग चालू असताना किमान ३० सेंटिमीटर लांब ठेवा; शर्टाच्या वरच्या खिशात फोन नको.