बेळगावच्या सरकारी मराठी शाळेतून दहावी केल्यावर महाराष्ट्र बोर्डाचं प्रमाणपत्र मिळतं का?

नाही, माध्यम मराठी असलं तरी दहावीची परीक्षा कर्नाटक बोर्डाचीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला, त्याबरोबर शाळाही तिकडच्या शिक्षण खात्याकडे गेल्या. मातृभाषेतून शिकवण्याला घटनेच्या ३५०-अ कलमाचा आधार आहे, पण तो प्राथमिकपुरताच. शिवाय कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून घ्यावीच लागते. मात्र महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला वगैरे प्रवेश घेताना सीमाभागातल्या मराठी भाषकांना वेगळी सवलत आहे. त्यासाठी शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिलंय ना, हे दाखला हातात घेतानाच बघा. नंतरच्या दुरुस्तीत प्रवेशाची मुदत निघून जाते.