मशीनवर लिहिलंय ५० किलो, मे महिन्यात मिळेल किती?

प्रश्न : नाशिकला गंगापूर रोडवर ६० खुर्च्यांचं फॅमिली रेस्टॉरंट सुरू करतोय. ताक, सोलकढी, मॉकटेल, कोल्ड कॉफी असेल. वर्षभरात वाइनचा परवानाही घ्यायचा आहे. एक विक्रेता म्हणतो, दिवसाला ५० किलो बर्फ देणारं आइस मशीन भरपूर झालं. दुसरा १०० किलोच्या खाली उतरत नाही. कुणाचं ऐकावं?

उत्तर : आधी तुमचा स्वतःचा ग्लास काट्यावर ठेवा. जो टेबलावर जाणार तोच. काटा शून्य करा आणि काउंटरवरचा मुलगा रोज घालेल तेवढाच बर्फ घाला. ३०० मिलीच्या ग्लासात साधारण १५० ग्रॅम बसतो. आता मे महिन्यातला रविवार धरा. दुपारी ७० माणसं, रात्री खुर्च्या दोनदा भरल्या तर १२०, एकूण १९०. तिघांतल्या दोघांनी थंड काही मागवलं तर १२७ ग्लास, म्हणजे १९ किलो. कोल्ड कॉफीचं मिक्सर आणि स्वयंपाकघर मिळून ६ किलो. सांडणं, वितळणं यासाठी वर पाचवा हिस्सा. झाले ३० किलो.

मग ५० किलोचं मशीन पुरायला हवं ना? इथेच फसगत होते. कॅटलॉगमधला मोठा आकडा बहुतेकदा २१ अंश हवा आणि १० अंश पाणी धरून दिलेला असतो. नाशिकला मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी ३५ अंशांवर सहज जातं. १० अंशांच्या पाण्याचा एक किलो बर्फ करायला सुमारे ३७६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, ३५ अंशांच्या पाण्यासाठी ४८१. मशीनचं काम असं सव्वापटीहून जास्त वाढतं. त्यात भटारखान्याची हवा तापलेली, कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकता येत नाही. अशा जागी ५० किलोच्या मशीनमधून ३०-३५ किलो निघाले तर समाधान माना. म्हणून विक्रेत्याकडे ३२ अंश हवा आणि २१ अंश पाण्याचा आकडा मागा, आणि ३८ अंश हवेचाही. जो तक्ता दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरी गोष्ट खालच्या कप्प्याची, म्हणजे बिनची, आणि आमच्या मते ती मशीनच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. रात्री साडेसात ते अकरा या वेळात तुम्हाला १८-१९ किलो लागतील. ५० किलोचं मशीन दिवसाच्या ३० किलोंना अगदी काठावर पुरतं, म्हणून ६० किलोचं धरू. ते उन्हाळ्यात तासाला जेमतेम दीड किलो देतं, म्हणजे तेवढ्या वेळात पाच-सहा किलो. उरलेले १३ किलो आधीच बिनमध्ये हवेत. काउंटरखालच्या कित्येक मशीनचं बिन १५ किलोचंच असतं. ते पहाटेच भरतं, सेन्सर मशीन थांबवतो, आणि २४ तासांचा आकडा कागदावरच राहतो. बिन किमान २५ किलोचं घ्या. लहानच मिळालं तर सकाळी आल्याआल्या ते थर्मोकोलच्या आइस बॉक्समध्ये रिकामं करा, मशीन पुन्हा चालू होईल.

तेव्हा आज ६० किलोचं मशीन योग्य. वाइन आली की हिशेब बदलतो : बाटली थंड ठेवायची एक बकेट बर्फ-पाण्याने भरताना बर्फच अडीच किलो जातो. रात्री आठ बकेट म्हणजे आणखी २० किलो. त्या वेळी १०० किलोचं मशीन आणण्यापेक्षा ४० किलोचं दुसरं बाजूला बसवा. नळजोड आणि ड्रेन दोन होतील, पण शनिवारी रात्री एक बंद पडलं तरी दुसरं चालेल.

तंदूरशेजारी मशीन नको. चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा आणि ड्रेनचा पाइप उतरता ठेवा. बसवल्यावर दुपारी तीन वाजता एक खेप मोजा : १.२ किलो बर्फ ४० मिनिटांत पडला, तर दिवसाला ३६ खेपा, म्हणजे ४३ किलो.

प्रश्न : पाथर्डी फाट्याला आमचं बोअरिंगचं पाणी आहे. दोन महिन्यांतच क्यूब पांढरट, पातळ पडायला लागले आणि बर्फ कमी झाला. गॅस गेला असेल का?

उत्तर : गॅस भरून घेण्याआधी बर्फ जमतो ती प्लेट बघा. बोटाला खरखरीत लागली तर तो क्षार आहे. क्यूब सुटायला वेळ लागतो आणि खेपा कमी होतात. खाद्य दर्जाच्या सायट्रिक अॅसिडने किंवा कंपनीच्या क्लीनरने धुवा. संडास धुवायचं अॅसिड चुकूनही वापरू नका, प्लेटवरचा निकेलचा थर निघतो. धुतल्यावर पहिल्या दोन खेपा फेकून द्या. पुढे आरओ लावा, पण टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, अगदी शून्याकडे नेऊ नका. काही मशीनमधला सेन्सर पाण्यातल्या विद्युतवहनावरच पातळी ओळखतो, तो अशा पाण्यात चुकतो. टीडीएस ५० ते १०० पीपीएम ठेवा. कंडेन्सरची जाळी दर आठवड्याला ब्रशने साफ करा, तेलकट धुळीनेही हेच लक्षण दिसतं.

प्रश्न : मशीन बंद पडलं तर फॅक्टरीतली लादी चालेल?

उत्तर : खाद्य बर्फाचा परवाना असलेल्या फॅक्टरीचीच. २०१८ पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळा रंग देणं सक्तीचं आहे. निळी लादी बाटल्यांभोवतीही ठेवू नका, वितळलेलं पाणी झाकणाला लागतं आणि तिथून ग्लासात उतरतं.