‘यावर संशोधन झालेले नाही’ हे कोणी सांगितले?

वाचकांचे प्रश्न : संशोधन आणि लेखन

प्रश्न : मी मिरजेला राहते आणि अर्थशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यानंतर जत तालुक्यातील शेतमजूर स्त्रियांच्या कामाचे दिवस आणि मजुरी यांत काय फरक पडला, हा माझा विषय आहे. ‘संबंधित साहित्याचा आढावा’ या प्रकरणासाठी मी चॅटजीपीटीकडे चाळीस संदर्भ मागितले आणि लेखक, वर्ष, नियतकालिक व पृष्ठांक यांसह ते लगेच मिळाले. आमच्या ग्रंथपालांनी पडताळले तेव्हा त्यांतील अकरा कोठेच सापडले नाहीत. ‘जत तालुक्यासंदर्भात या विषयावर संशोधन झालेले नाही’ असेही त्या साधनाने सांगितले होते, आणि ते वाक्य मी आराखड्यात घातले आहे. मार्गदर्शक म्हणतात, हे साधन मुळीच वापरू नकोस. बरोबरचे सगळे मात्र वापरतात. मी काय करावे?

उत्तर : अकरा खोट्या संदर्भांपेक्षा मला आराखड्यातील त्या एका वाक्याची काळजी अधिक वाटते. खोटे संदर्भ ग्रंथपालांनी पकडले. ‘झालेले नाही’ हे विधान मात्र सहसा कोणी तपासायला जात नाही.

आधी त्या अकरांविषयी. हे साधन कपाटातून पुस्तक काढून आपल्यासमोर ठेवत नाही. शिकवणीच्या वेळी पाहिलेल्या अफाट मजकुराच्या वळणावरून पुढे कोणता शब्द येणे संभवते, याचा अंदाज करीत ते वाक्य पुरे करते. संदर्भाची मांडणी तर ठरीव साच्याची असते, आणि साचा जितका पक्का तितका तो भरणे सोपे. त्यामुळे लेखक खरा, नियतकालिक खरे, पण तो लेख कधी लिहिलाच गेलेला नाही, असा प्रकार घडतो. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचे दाखले असेच सादर झाले आणि संबंधित वकिलांना व त्यांच्या कार्यालयाला मिळून ५,००० डॉलरचा दंड झाला. त्या प्रकरणातील बोधक भाग दंडाचा नाही. हे निवाडे खरे आहेत ना, असे वकिलाने त्याच साधनाला विचारले होते आणि त्याने ‘होय’ म्हटले होते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार. म्हणून ‘तुझे संदर्भ तपासून दे’ अशी आज्ञा देऊन निश्चिंत होऊ नये; डीओआय क्रमांक (ऑनलाइन लेखाला दिलेला कायमचा ओळख-क्रमांक) त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकून निघणारे शीर्षक आपल्या हातातील शीर्षकाशी जुळते का, हे स्वतः पाहावे. खोट्या संदर्भाला कधी कधी खरा डीओआय जोडलेला असतो आणि तो भलत्याच लेखाकडे नेतो.

अलीकडची काही साधने आधी खऱ्या लेखसंग्रहात शोध घेतात आणि मग उत्तर रचतात. त्यांत बनावट लेखांचे प्रमाण घटते, हे मान्य. पण खऱ्या लेखाच्या तोंडी तो न म्हणालेले वाक्य घातले जाण्याची शक्यता उरतेच, आणि पुष्कळदा ही साधने केवळ गोषवारा पाहून बोलतात. गोषवाऱ्यात ‘मजुरी वाढली’ असते. पाहणी किती घरांची होती, ती पावसाळ्यात झाली की सुगीत, पुरुषांची मजुरी वेगळी धरली होती का, हे आतल्या पानांवर असते, आणि आपल्या विषयाचा सगळा जीव त्याच तपशिलांत आहे.

आता ‘झालेले नाही’ या वाक्याकडे येतो. साधनाला जे सापडले नाही ते जगात नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. सिंचनाचे आर्थिक परिणाम मोजण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे : गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांची पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ साली प्रसिद्ध केली. राज्याच्या पाटबंधाऱ्यांचा विचार करणारा बर्वे आयोग १९६० च्या दशकातला, आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाचा अहवाल १९९९ चा. आपल्याच जिल्ह्यात खानापूर तालुक्यात ऐंशीच्या दशकात मुक्तिसंघर्ष चळवळीने समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली आणि येरळा नदीवर गावकऱ्यांनी बळीराजा धरण उभे केले. कासेगावात राहून समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनी अशा चळवळींविषयी इंग्रजीत लिहिले, म्हणून त्यातले काही या साधनांना दिसते. त्याच चळवळींची मराठी पत्रके, पुस्तिका, परिषदांचे वृत्तान्त आणि स्थानिक वृत्तपत्रांतील लेखन बहुतेक कागदावरच राहिले. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयातील एम.फिल.चे जुने प्रबंधही त्यातच धरा. २०१९ च्या महापुराने सांगलीत किती कागद भिजवले हे आपण पाहिले आहे. उरलेल्यांचा शोध तरी पायी जाऊनच घ्यावा लागेल.

(विद्यार्थिदशेत मी गोखले संस्थेच्या ग्रंथालयात बसण्यासाठी साताऱ्याहून पहाटेची एस.टी. धरीत असे. तेथील कार्डांच्या खणात एक कार्ड शोधताना शेजारची चार हाती लागत, आणि प्रबंधातील सर्वांत उपयोगी दोन संदर्भ मला तसेच मिळाले. गतकाळाचे गोडवे गायचे नाहीत, पण आपण जे मागितलेलेच नाही ते समोर येण्याची ती सोय साधनाच्या नेमक्या उत्तरात राहत नाही.)

तेव्हा आराखड्यातील वाक्य बदला. ‘संशोधन झालेले नाही’ याऐवजी कोठे, कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांनी शोध घेतला आणि त्या मर्यादेत काय आढळले नाही, एवढेच लिहा. ‘शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे ऑनलाइन भांडार) आणि विद्यापीठ ग्रंथालयाची सूची यांत उपसा सिंचन, स्त्री शेतमजूर, जत, म्हैसाळ या शब्दांनी अमुक तारखेपर्यंत शोध घेतला असता या तालुक्यातील स्त्रियांच्या मजुरीवरील स्वतंत्र अभ्यास आढळला नाही’, हे विधान लहान आहे, पण त्याचा बचाव करता येतो. पद्धतशीर आढाव्यासाठी जगभर वापरली जाणारी प्रिझ्मा २०२० ही २७ मुद्द्यांची सूची हाच आग्रह धरते, की शोध दुसऱ्याला पुन्हा करून पाहता आला पाहिजे. चॅटजीपीटीला आज विचारलेला प्रश्न उद्या विचारला तर उत्तर बदलते. म्हणून त्याच्याशी झालेला संवाद हा शोधाची नोंद ठरत नाही.

मग ते वापरायचे कोठे? शब्द सुचवण्यासाठी जरूर वापरा. ‘उपसा सिंचन’ या एका कल्पनेला इंग्रजी लेखांत, शासकीय अहवालांत आणि बोलीत कोणकोणते शब्द आहेत, याची यादी ते चांगली देते आणि त्या यादीने आपला शोध रुंदावतो. एखादी संख्याशास्त्रीय पद्धत समजावून घेण्यास, किंवा आपणच काढलेली टिपणे देऊन त्यांतील विसंगती विचारण्यासही हरकत नाही. वाचन मात्र आपले. नोंदवहीत प्रत्येक संदर्भापुढे पृष्ठांकाचा रकाना ठेवा आणि तो स्वतः पान पाहून भरल्याशिवाय संदर्भ प्रकरणात घेऊ नका. मूळ लेख मिळत नाही ही अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही : १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत शासकीय उच्च शिक्षण संस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली आहेत, आपल्या संशोधन केंद्राला ती सोय आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. मुलाखती घेतलेल्या स्त्रियांची टिपणे मात्र कोणत्याही साधनात चढवू नका. त्यांनी आपल्याला सांगितले आहे, कंपनीला नव्हे.

मार्गदर्शकांशी वाद घालण्यापेक्षा ही नोंदवही त्यांच्यापुढे ठेवा. त्यानंतरही ते ‘नको’ म्हणाले तर त्यांचे ऐका, आणि परवानगी मिळाली तर वापर लपवू नका. प्रकाशन-नीतीविषयीच्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय समितीने फेब्रुवारी २०२३ मध्येच स्पष्ट केले, की असे साधन लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही, आणि त्याचा वापर कसा केला हे लेखकाने उघड करावे. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात दोन वाक्ये पुरेत : कोणते साधन, कोणत्या महिन्यात, कशासाठी वापरले, आणि सर्व संदर्भ मुळातून वाचले आहेत. दुसरे वाक्य खरे असेल तरच लिहावे.

प्रश्न : वाईहून लिहितो. शोधगंगेवरील जुने मराठी प्रबंध उतरवून घेऊन साधनाला सारांश विचारला, तर तो मोघम येतो. दोष कोणाचा?

उत्तर : बहुधा फॉन्टचा. युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत टंकलिखित होत असे. पडद्यावर आपल्याला ‘पाणी’ दिसते, पण फायलीच्या पोटात रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी असते. साधन ती खिचडी वाचते, त्यातून काही उमगत नाही, तरी शीर्षकावरून अंदाज बांधून सारांश देते. पडताळणी सोपी आहे : एक परिच्छेद उचलून कोऱ्या फायलीत चिकटवा. तो देवनागरीत उमटला नाही, तर सारांशावर विसंबू नका. मजकुराची प्रतिमाच असेल तर अक्षर-ओळख करून घेता येते, मात्र जोडाक्षरे आणि आकडे डोळ्यांखालून घालावे लागतात. कोष्टकातील ३ चा ८ झाला तर निष्कर्षच उलटतो. मराठी विश्वकोशाचे कार्यालय असलेल्या गावी राहणाऱ्याने तो प्रबंध सरळ वाचून काढावा, असे मनात येते खरे.

प्रश्न : कराडहून एम.ए.चा विद्यार्थी. साधनाने लिहिलेला आढावा साम्य-तपासणीत (वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या तपासणीत) दहा टक्क्यांच्या आत आला. मग आक्षेप कसला?

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि ६० टक्क्यांपलीकडे प्रबंधाची नोंदणी रद्द होऊ शकते, हे खरे. पण ती तपासणी मजकूर दुसरीकडे जुळतो का एवढेच सांगते. साधनाचा मजकूर नवाच जुळवलेला असल्याने तो सहसा जुळत नाही. त्यातील विधाने खरी आहेत की नाहीत, हा प्रश्न त्या आकड्यात येतच नाही. उलट बाजूही सांगतो, कारण त्यात निरपराध भरडले जातात : ‘हे यंत्राने लिहिले आहे’ असे ओळखणारी साधने भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपले असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केले. म्हणून मौखिक परीक्षेत मी टक्केवारी पाहत नाही. संदर्भसूचीतील कोणत्याही एका नावावर बोट ठेवतो आणि त्या लेखातील पाहणी कोणत्या गावात झाली होती, असे विचारतो.