पायथनमध्ये आर्ग्युमेंट घेताना सुरुवातीला एवढे सांभाळा

स्क्रिप्ट चालवताना कमांड लाइनवर तिच्या नावापुढे लिहिलेले शब्द म्हणजे आर्ग्युमेंट. सिस-आर्गव्ही (sys.argv) या यादीतून त्यांतला एकेक शब्द उचलून पाहणे शिकण्यासाठी उत्तमच आहे. फक्त त्या यादीत ० क्रमांकावर स्क्रिप्टचे नाव असते आणि वापरकर्त्याचा पहिला शब्द १ क्रमांकावर मिळतो, हे ध्यानात ठेवा. प्रत्यक्ष कामासाठी मात्र पायथनसोबतच येणारे आर्गपार्स (argparse) हे मॉड्यूल आजपासून वापरा, कारण मदतीचा मजकूर आणि चुकीच्या पर्यायाची सूचना ते स्वतःच तयार करते.

नवशिक्यांचे घोडे बहुधा दोन ठिकाणी अडते:

- कमांड लाइनवरून आलेली प्रत्येक किंमत मजकूर असते. संख्या हवी असेल, तर आर्गपार्समध्ये टाइप म्हणून इंट (type=int, म्हणजे पूर्णांक) द्या.
- होय-नाही स्वरूपाच्या पर्यायाला टाइप म्हणून बूल (bool, म्हणजे खरे-खोटे हा प्रकार) कधीही देऊ नका. वापरकर्त्याने ‘फॉल्स’ असे लिहिले तरी तो रिकामा नसलेला मजकूर असल्यामुळे त्याचे ट्रू होते, आणि कोणतीही एरर न दिसल्याने ही चूक फार उशिरा सापडते. तेथे ॲक्शन म्हणून स्टोअर-ट्रू (action='store_true') द्यावे, म्हणजे पर्याय लिहिला की ट्रू, नाहीतर फॉल्स.

फाइलच्या नावात मोकळी जागा असेल, तर ते नाव अवतरणचिन्हांत लिहा; अन्यथा शेल (तुमची कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) त्याचे तुकडे करूनच स्क्रिप्टकडे पाठवते. सबकमांडकडे (एकाच स्क्रिप्टमधील वेगवेगळ्या उपआज्ञांकडे) इतक्यात वळू नका. त्याऐवजी प्रत्येक पर्यायासाठी हेल्पचे एक नेमके वाक्य लिहा.