मुलींचा कबड्डी संघ टिकवायचा कसा? : वाचकांचे प्रश्न

ग्रामीण भागातल्या मुलींच्या खेळाविषयी आम्ही प्रश्न मागवले होते. ठाणे जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रं कबड्डीची निघाली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

जूनमध्ये वीस-बावीस मुली सरावाला येतात, दिवाळीनंतर सात-आठ उरतात. दरवर्षी संघ नव्याने बांधावा लागतो. काय चुकतं? – एक शिक्षिका, शहापूर तालुका

मुली का गळतात हे शोधण्याआधी त्या कधी गळतात ते वहीत मांडा. शहापूर-मुरबाड पट्ट्यात हे दिवस बहुतेक ठरलेले असतात. जुलैत आवणी (भाताची लावणी) लागली की मोठ्या मुली शेतावर जातात, नाहीतर घरी धाकट्या भावंडांना सांभाळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि झोडणी येते. दिवाळी उरकली की काही कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात आणि मुलगी त्यांच्याबरोबर जाते. जानेवारीपासून दहावीच्या सराव परीक्षा सुरू होतात. म्हणजे वर्षात चार वेळा गळती होणार हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. तरीही आपलं वेळापत्रक असं असतं की जणू बारा महिने रोज सगळ्या हजर राहतील. बहुतेक संघ इथेच मोडतात.

आवणीच्या दिवसांत गैरहजर मुलीचं नाव कापू नका. तिला ओरडूही नका. नाव कापलं की ती परत यायला लाजते आणि पंधरा दिवसांची सुट्टी कायमची होते. त्या काळात मैदानही चिखलाचं असतं, तेव्हा आठवड्यातून दोनदा शाळेच्या व्हरांड्यात चाळीस मिनिटांचा व्यायाम ठेवा. येतील तेवढ्यांना घेऊन करा.

स्थलांतराचं काम दिवाळीनंतर हाती घेतलं तर उशीर झालेला असतो. कोणती कुटुंबं जाणार हे सप्टेंबरमध्येच गावाला माहीत असतं. तेव्हाच पालकांशी बोला. मुलगी आजीकडे राहू शकते का, आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात जागा मिळेल का, हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते का, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारा. ती गेलीच तर शिक्षण हमी पत्रक हातात देऊन पाठवा, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत तिला बसता येईल आणि परतल्यावर इथला धागा तुटणार नाही. संघापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

आकड्यांचं म्हणाल, तर मैदानात सात आणि संघात बारा खेळाडू लागतात. पटावर मात्र किमान अठरा मुली ठेवा आणि त्यातल्या निम्म्या सातवी-आठवीच्या असू द्या. फक्त नववी-दहावीच्या मुलींवर उभा केलेला संघ जिंकतो लवकर, पण मार्चमध्ये अख्खाच्या अख्खा निघून जातो.

सहाच मुली आल्या तरी सराव रद्द करू नका. अर्ध्या मैदानावर एकीने चढाई करायची आणि तिघींनी पकडायचं. चढाई 30 सेकंदांची, उरलेल्या दोघींपैकी एक वेळ मोजते आणि दुसरी गुण लिहिते. प्रत्येक चढाईनंतर जागा बदला. तीन किंवा कमी पकडणाऱ्या असताना पकड झाली तर अव्वल पकडीचा जादा गुण मिळतो, त्याची सवयही यातच होते. "आज मुली कमी आहेत, घरी जा" हे वाक्य लागोपाठ तीनदा ऐकलेली मुलगी चौथ्यांदा येत नाही.

गावाने शाळेमागची जागा दिली आहे. मातीचं मैदान कसं तयार करावं? – युवक मंडळ, मुरबाड तालुका

महिला आणि कुमारी गटाचं मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असतं. चारही बाजूंनी एक मीटर धरून 14 बाय 10 मीटर जागा तयार करा. त्यापलीकडे तीन-चार मीटरपर्यंत खांब, दगड, कुंपणाची तार काहीही नको.

आधी सहा इंच खणून दगड वेचून काढा. खाली चार इंच मुरूम घाला, पाणी मारून रोलर फिरवा. वर दोन इंच चाळलेली लाल माती. दबून बसलेल्या थराचा हिशेब केला तर मुरूम पाच ब्रास आणि माती अडीच ब्रास होते. सैल माल दबतो, म्हणून मुरूम सव्वासहा आणि माती तीन ब्रास मागवा. मधला भाग कडेपेक्षा दोन इंच उंच ठेवा आणि बाहेरून वीतभर खोल चर काढा, नाहीतर पहिल्याच पावसात तळं होईल. मातीत कच किंवा खाडीची रेती मिसळू देऊ नका. त्याने गुडघे सोलवटतात, आणि जखमा झाल्या की मुलींना घरून पाठवणं बंद होतं.

आखणीत काटकोन चुकतो, ही नेहमीची अडचण. मध्यरेषा धरून अर्धं मैदान 6 बाय 8 मीटरचं होतं, त्याचा कर्ण बरोबर 10 मीटर भरला पाहिजे. दोरी लावून दोन्ही कर्ण मोजा. मध्यरेषेपासून 3 मीटरवर निदान रेषा, 4 मीटरवर बोनस रेषा, आणि दोन्ही बाजूंना, 8 मीटर रुंदीच्या आतच, एक-एक मीटरची राखीव जागा. रेषा 5 सेंटिमीटर रुंद मारा. कळीचा चुना कधीही वापरू नका, तो डोळ्यांत गेला तर इजा होते. पांढरी फक्की किंवा रांगोळीची पूड वापरा.

आदल्या संध्याकाळी पाणी मारा. सकाळी टाच दाबून पाहा. अर्धा इंच ठसा उमटला तर मैदान तयार आहे. धूळ उडाली तर अजून पाणी हवं. माती तळव्याला चिकटली तर त्या दिवशी खेळ नाही. फार भुसभुशीत मैदान मऊ म्हणून सुरक्षित वाटतं, पण घोटे त्यातच मुरगळतात.

खर्चासाठी ग्रामपंचायतीकडे जा. स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. अर्ज ग्रामसभेत वाचला जाईल असं पाहा आणि ठरावात "मुलींच्या सरावासाठी संध्याकाळी राखीव" हे शब्द घालून घ्या. तसं नसेल तर मैदान तयार झाल्याच्या आठवड्यात तिथे मुलांचं क्रिकेट सुरू होतं. ठराव झाल्यावर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात क्रीडांगण विकास अनुदानाची चौकशी करा.

सरावात मुलींना चक्कर येते. गुडघ्याच्या तक्रारीही वाढल्या आहेत. सराव कमी करावा का? – एक प्रशिक्षक, वासिंद

आधी त्या दिवसभर काय खातात ते विचारा. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववी-दहावीची मुलगी सकाळी भाकरी खाऊन निघते, दुपारी डबा असला तर असला, आणि पाच वाजता तुम्ही तिला चढाया करायला लावता. चक्कर येणारच. सरावाआधी पाऊण तास प्रत्येकीला 30 ग्रॅम शेंगदाणे, 20 ग्रॅम फुटाणे आणि गुळाचा खडा द्या. पंधरा मुलींना दिवसाला पाऊण किलो शेंगदाणे-फुटाणे पुरतात. एवढी जबाबदारी गावातला एखादा बचतगट सहज घेऊ शकतो. सोबत प्यायचं पाणी मैदानावरच हवं, शाळेच्या कुलूपबंद खोलीत नको.

दुसरं, प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारा वर्षांवरच्या मुलीचं 12 पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी प्रतिबंधासाठी असते. रक्तक्षय असेल तर डॉक्टर रोजच्या गोळ्या देतात. गोळी जेवणानंतर घ्यायची, पुढे-मागे तासभर चहा नको, लिंबू किंवा आवळा चालतो. गोळीने शौचाला काळी होते, हे मुलींना आधीच सांगा. घाबरून त्या गुपचूप गोळ्या फेकून देतात. वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळीही चुकवू नका.

गुडघ्याविषयी: मुलींमध्ये गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाच्या (लिगामेंटच्या) दुखापती मुलांपेक्षा जास्त होतात. चढाईत वळताना किंवा उडी मारून उतरताना गुडघा आत झुकतो, तिथे घात होतो. म्हणून प्रत्येक सरावाची पहिली पंधरा मिनिटं यासाठीच ठेवा. तीन मिनिटं हलकं धावणं. दहा बैठका दोनदा, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. प्रत्येक पायावर 30 सेकंद तोल. मग जागेवर उडी मारून दोन्ही पायांवर आवाज न करता उतरणं, पाच वेळा, दोन फेऱ्या. धपकन आवाज आला तर गुडघे ताठ आहेत असं समजा. शेवटी जोडीदाराने घोटे धरायचे आणि गुडघ्यांवर उभ्या मुलीने शरीर सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. सुरुवातीला तीनच वेळा. स्पर्धेच्या दिवशीही हे चुकवायचं नाही.

गुडघ्यात "कट्" आवाज आला आणि दोन तासांत सूज चढली तर मालीश करू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. बर्फ लावा, पाय आधाराने बांधा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एक्स-रेमध्ये हाड ठीक दिसलं म्हणजे गुडघा ठीक आहे असं नसतं, अस्थिबंध त्यात दिसत नाही.

तेव्हा सराव कमी करू नका. आठवड्यातून चार दिवस, सव्वा तास पुरेसा आहे. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेपाचला शेवटची चढाई झालीच पाहिजे. त्यासाठी मुख्याध्यापकांकडून शेवटची तासिका मागून घ्या.

मुलींना शॉर्ट्स घालायला घरून परवानगी नाही. – एक पालक, किन्हवली

गुडघ्याखाली येणारी घट्ट पँट आणि पूर्ण बाह्यांची जर्सी घालूनही सराव होतो. पोशाखावरून मुलगी घरी बसता कामा नये. ओढणी, बांगड्या, कानातले मात्र मैदानाबाहेर. खरी अडचण बहुतेकदा कपडे बदलायला बंद खोली नसण्याची असते. कडी लागणारी एक खोली, पाणी असलेलं स्वच्छतागृह आणि जास्तीचे पॅड एवढी सोय झाली की पोशाखाचा वाद पुष्कळ निवळतो. खेळासाठीच्या अंतर्वस्त्रांबद्दल शिक्षिकेने किंवा मोठ्या खेळाडूने मुलींशी बोलावं. प्रशिक्षक पुरुष असेल तर सरावाला एक महिला कायम हजर हवी, आणि निरोप पालकांच्या गटावरच जावेत, मुलीला एकटीला नव्हे.

आयर्लंडमध्ये छोट्या गावांतही मुलींचे गेलिक फुटबॉल संघ असतात असं वाचलं. त्यांना मुली कमी पडत नाहीत का? – एक वाचक, नेरूळ

पडतात. गेलिक फुटबॉल हा हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचा तिथला देशी चेंडूचा खेळ. त्यात मोठ्यांच्या संघात 15 खेळाडू लागतात, म्हणजे आपल्या दुपटीहून जास्त, आणि शिक्षण-नोकरीसाठी तरुणी डब्लिनला किंवा परदेशात जातात. महिलांच्या या खेळाची संघटना 1974 मध्ये थर्ल्स या गावात स्थापन झाली. 2019 च्या अंतिम सामन्यांना डब्लिनच्या क्रोक पार्कवर 56,114 प्रेक्षक होते. पण खेळाचा पाया गावोगावच्या क्लबांवर आणि विनामोबदला राबणाऱ्या माणसांवरच आहे.

तिथल्या तीन गोष्टी आपल्याला घेण्याजोग्या आहेत. मुली कमी असतील तर शेजारच्या दोन गावांचा वयोगटातला संघ एकत्र करतात. लहान गटात कमी खेळाडूंचे सामने खेळवतात, त्यामुळे कुणी बाकावर बसून राहत नाही. आणि कधीच न खेळलेल्या आयांसाठी स्पर्धेविना खेळण्याचा वेगळा उपक्रम चालतो. हा तिसरा उपाय आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. महिन्यातून एका रविवारी आयांना मैदानावर उतरवा. लंगडी घ्या, कबड्डी घ्या. एकदा चढाई करून आलेली आई मुलीला "पुरे झालं आता" असं सहसा म्हणत नाही.

दोन गावं एकत्र करताना सराव आळीपाळीने दोन्ही मैदानांवर ठेवा आणि संघाच्या नावात दोन्ही गावं घाला. जिल्हा संघटनेकडे खेळाडूची नोंदणी एकाच संघातून होते, म्हणून कोणत्या नावाने खेळायचं ते हंगामाआधी लेखी ठरवा. शालेय स्पर्धा मात्र प्रत्येकीने आपल्या शाळेकडूनच खेळायची.

दहावीनंतर मुली खेळ सोडतात. – माजी खेळाडू, बदलापूर

दहावीचा निकाल लागण्याआधी, एप्रिलमध्येच, ती कोणत्या कॉलेजात जाणार हे विचारा आणि तिथल्या क्रीडाशिक्षकांशी गाठ घालून द्या. जूनमध्ये ती एकटी त्यांच्या खोलीचं दार ठोठावणार नाही. शालेय स्पर्धा 19 वर्षांखालील गटापर्यंत असतात, म्हणजे अकरावी-बारावीत दार उघडंच असतं. घरच्यांना राज्याच्या शासकीय नोकऱ्यांतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण सांगा, पण ठरावीक पातळीवरच्या कामगिरीशिवाय ते लागू होत नाही हेही तितकंच स्पष्ट सांगा. खोटी आशा दाखवली की पुढच्या मुलींचे पालक विश्वास ठेवत नाहीत.

सगळ्याच राज्य पातळीवर जाणार नाहीत. ज्या गावात राहतील त्यांना गुणलेखन शिकवा, पंच परीक्षेला बसवा, सातवी-आठवीचा गट त्यांच्या हाती द्या. प्रशिक्षकाची बदली झाली की संघ संपतो, हे तुमच्याही पाहण्यात असेल. दोन मोठ्या मुलींना सराव घेता येत असेल तर तसं होत नाही.

एक कागदोपत्री सूचना. शाळेचा दाखला, जन्मदाखला आणि आधार यांवरची जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग जूनमध्येच जुळवून पाहा. तालुका स्पर्धेच्या सकाळी फरक निघाला तर मुलगी बाहेर बसते.

ठाण्यातल्या स्पर्धांना बोलावणं येतं, पण सामने रात्री उशिरा होतात. – प्रशिक्षक, खर्डी

प्रवेशिका भरतानाच लेखी कळवा की संघ कसारा मार्गावरून येणार आहे आणि दुपारचा सामना हवा. आसनगाव ते ठाणे सव्वा तासाच्या आसपास, पण स्टेशनपासून पाड्यापर्यंतचं शेवटचं अंतर खरं अवघड, तिथे रात्री वाहन मिळत नाही. परतीची जीप आधी ठरवा, एक आई सोबत घ्या, आणि मुक्काम असेल तर जागेचा पत्ता पालकांना आदल्या दिवशी द्या. सामना मॅटवर आहे का तेही विचारून घ्या. मातीवर अनवाणी खेळणारी मुलगी मॅटवर पहिल्यांदाच बूट घालून उतरली तर पाय मॅटला धरतो आणि घोटा जातो. आधी निदान दोन सराव मॅटवर मिळत नसतील आणि प्रत्येकीच्या मापाचे बूट नसतील, तर ती स्पर्धा सोडून द्या. मातीवरच्या स्पर्धा फेब्रुवारीपर्यंत आपल्याच तालुक्यात भरपूर असतात.