‘काही नाही गं, ठीक आहे’

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना रागच आला. तुम्ही लिहिता, "इन्सुलिन सुरू होऊन वर्ष झालं. ऑफिसात कुणाला माहीत नाही, टॉयलेटमध्ये जाऊन टोचून घेतो. दुपारी कधी घाम फुटतो, हात थरथरतात, पण मी निभावून नेतो." काय निभावता, दादा? साखर उतरत असते तेव्हा!

आमच्या घरीही असाच एक निभावणारा आहे. डायबेटिसला सोळा वर्षं झाली. एका संध्याकाळी गाडीची किल्ली सापडेना म्हणून माझ्यावर असा ओरडला की मीही तोंड सोडलं. पाच-दहा मिनिटं भांडल्यावर लक्षात आलं, शर्ट पाठीला चिकटलाय. इथल्या परदेशी मीटरवर २.६ (मिलिमोल), म्हणजे भारतातल्या मिलिग्रॅमच्या हिशेबाने ४७, साखर पार उतरलेली. किल्ली त्याच्या हातातच होती.

मी बायको असून मला ओळखता आलं नाही. तुमच्या मीटिंगमधल्या लोकांना काय कळणार? म्हणतील, हा पिऊन आलाय. शिवाय वर्षं सरतात तशी कित्येकांना घाम, थरथर ही लक्षणं जाणवेनाशी होतात, एकदम गोंधळच उडतो. मग तुमच्याआधी शेजारच्या टेबलावरच्यालाच कळणार.

"कळलं तर नोकरीवर परिणाम होईल." नोकरीला बांधलेला व्हिसा आपण सगळ्यांनीच काढलाय, ती धास्ती मला ठाऊक आहे. पण साऱ्या ऑफिसला कुठे सांगायचंय? एकालाच सांगा: मी विचित्र वागायला लागलो तर ड्रॉवरमधल्या ग्लुकोजच्या गोळ्या दे, शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नकोस, ॲम्ब्युलन्स बोलाव. साखर ३.९च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गाडीला किल्ली लावण्याआधीही तपासा, हे आम्ही त्या संध्याकाळी शिकलो.

आईबाबांना सांगायचं का? सांगा. फक्त फोनवर आकडा १८ने गुणून सांगा, नाहीतर ‘साखर साडेपाच’ ऐकून आईची झोप उडायची.

"बायकोजवळ जाणं टाळतो," हे अगदी शेवटी कुजबुजलात. ताठरता न येण्याची तक्रार असेल, तर डायबेटिस असलेल्या पुरुषांत ती पुष्कळ दिसते, आणि कधी कधी हृदयाच्या धमन्यांची ती आधीची वर्दी असते. तेव्हा बायकोशी बोला आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ताठरतेच्या गोळ्या परस्पर ऑनलाइन मागवू नका; हृदयासाठी नायट्रेट प्रकारचं औषध चालू असेल तर त्या जिवावर बेततात.

विमानात इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, खालच्या सामानात ते गोठू शकतं.

आता तो शेजारच्या टेबलावरचा. वर्षभर त्याच्यापासून लपून टोचताय, आणि अख्ख्या पत्रात त्याचा उल्लेख फक्त ‘एक कलीग’. सोमवारी त्याला सांगा, आणि तो काय म्हणाला ते मला कळवा.